दिलेल्या रक्ताची राखण

रक्तपेढीत दिलेले रक्त कोणा रुग्णाच्या अंगात जाते आणि विषय तेथेच मिटतो. संशोधनासाठी दिलेल्या रक्ताचे तसे नाही. ते शीतकपाटात वर्षानुवर्षे राहते. त्यातून दात्याचे कूळ, त्याला जडू शकणाऱ्या व्याधी, काही अंशी त्याच्या मुलाबाळांचीही प्रकृती वाचता येते. आणि देताना जो प्रश्न कोणाच्या स्वप्नातही नव्हता, तो वीस वर्षांनी त्याच थेंबाला विचारता येतो. मग त्याला हात कोणी लावावा?

हा प्रश्न किती जिव्हाळ्याचा आहे, हे अमेरिकेतील हवासुपाई लोकांना विचारावे. ॲरिझोनातील ग्रँड कॅन्यनच्या खोऱ्यात राहणाऱ्या या छोट्या आदिवासी जमातीत मधुमेह फार. १९९० पासून तेथील राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या रोगाच्या अभ्यासासाठी त्यांचे रक्त घेतले. पुढे तेच रक्त मनोविकार, आप्तविवाह आणि जमातीचे मूळ स्थान यांच्या अभ्यासालाही वापरले गेले. आपण याच दरीत जन्मलो, ही त्यांची श्रद्धा. रक्त सांगू लागले की पूर्वज आशियातून आले! संमतिपत्राचे शब्द मोघम होते, पण तोंडी सांगितले होते ते मधुमेहाचे. प्रकरण न्यायालयात गेले. अखेर २०१० मध्ये विद्यापीठाने ४१ जणांना ७ लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले.

आता नियम बांधून चालणारा एक संग्रह पाहू. ब्रिटनमधील ‘यूके बायोबँके’ला २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वर्षे वयाच्या सुमारे ५ लाख स्त्रीपुरुषांनी रक्त, लघवी आणि आपल्या राहणीची माहिती दिली. २०१२ पासून तो संशोधकांना खुला झाला. संशोधक कोणत्याही देशाचा असो, सरकारी असो की कंपनीचा, त्याने अर्ज करावा लागतो: मी कोण, काय शोधणार, त्यात लोकांच्या आरोग्याचे हित कोणते. मंजूर विषयाबाहेर जायचे नाही. दात्यांची नावे मिळत नाहीत, नुसते क्रमांक मिळतात. तेही प्रत्येक प्रकल्पाला निराळे, म्हणजे दोघा संशोधकांनी वह्या जुळवून पाहू नयेत. दाता ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही, असा करार करावा लागतो. निष्कर्ष प्रसिद्ध करायचे आणि नवी निघालेली माहिती संग्रहाला परत द्यायची. मक्तेदारी कोणाला नाही, असे तत्त्व आहे. तथापि जनुकांच्या मोठ्या तपासणीचा खर्च ज्या औषधकंपन्यांनी उचलला, त्यांना ती माहिती काही महिने इतरांच्या आधी वापरता आली. ही सवलत आम्हाला थोडी खुपते, पण पैसा कोठून आणावा, हा प्रश्नही खोटा नाही.

माहिती आणि नमुना यांत मात्र एक भेद आहे, आणि आमच्या मते सगळ्या नियमांची किल्ली तेथेच आहे. माहिती हजार जणांना वाटली तरी कमी होत नाही. नमुन्याचा थेंब वापरला की गेला. म्हणून नमुना मागणाऱ्याची तपासणी अधिक कडक असते: हाती असलेल्या माहितीवर भागणार नाही का? इतका थेंब कशाला? पुढच्या पिढीतील अधिक चांगल्या पद्धतीसाठी तो राखून ठेवू नये का? माहितीचा धोका उलटा आहे. ती संपत नाही, पण तिच्या नकला पळतात, आणि पळालेली नक्कल परत आणता येत नाही. म्हणून पूर्वी संशोधकाच्या हाती पाठवली जाणारी माहिती आता बहुतांशी संग्रहाच्याच संगणकयंत्रणेत बसून वाचावी लागते. ग्रंथालयातील दुर्मीळ पोथी घरी नेऊ देत नाहीत, त्यातलाच प्रकार.

दात्याला कारण न सांगता केव्हाही अंग काढून घेता येते. पूर्ण झालेल्या अभ्यासातून मात्र त्याचा आकडा उपसून काढता येत नाही.

आपल्याकडे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या नीतितत्त्वांत जैविक नमुने आणि माहितीसंग्रह यांना स्वतंत्र प्रकरण दिले आहे. त्यात संमतीचे प्रकार सांगितले आहेत: नमुना याच अभ्यासापुरता, पुढील अभ्यासांनाही चालेल, की दर वेळी पुन्हा विचारावे. संमतिपत्र पुढे आले, तर सहीपूर्वी यांपैकी कोणती संमती मागितली आहे, ते वाचून घ्यावे. वाचता येत नसेल, तर वाचून दाखवायला सांगावे.