जपानांतील अविधवा नवमी

जपानास जाऊन आलेले प्रवासी बहुधा तेथील वक्तशीरपणाचीं व स्वच्छतेचीं वर्णनें करितात. तीं खरीं आहेत. पण वाचकांनीं तीं पुष्कळ वेळां वाचलीं असतील. आम्हांस सांगावयाचें आहे तें एका झग्याविषयीं आणि भाताच्या दोन गोळ्यांविषयीं.

सन २०१९ च्या सप्टेंबरांत आम्ही क्योतो येथें होतों. चिरंजीव नोकरीनिमित्त तिकडे असतात. तारीख २३, सोमवार. आपल्याकडे भाद्रपद वद्य नवमी, म्हणजे अविधवा नवमी. आमच्या मातोश्री सवाष्ण गेल्या. घरीं धाकटे बंधु त्यांचें श्राद्ध करीत होते, आणि वडील पुत्र समुद्रापलीकडे एका जुन्या वळणाच्या अतिथिगृहांत चटईवर बसून चहाची वाट पाहत होता! मनास तें टोंचत होतें.

स्नानानंतर तेथें घालावयास सुती झगा देतात. त्यास ‘युकाता’ म्हणतात. आम्हीं तो उजवी बाजू वर घेऊन बांधला होता. चहा घेऊन आलेली वृद्ध मालकीण आम्हांस पाहून थबकली, आणि पुनःपुन्हां क्षमा मागत तिनें चिरंजीवांकरवीं तो डावी बाजू वर घेऊन बांधविला. कारण पुसतां कळलें कीं, उजवी बाजू वर येईल असें वस्त्र तेथें प्रेतास घालितात.

चिरंजीव हंसले. आम्हांस हंसूं आलें नाहीं. ज्यानें जानवें उजव्या खांद्यावर घेऊन अपसव्य केलें आहे, त्यास यांतील मर्म निराळें सांगावें लागत नाहीं.

मग आम्ही विचारीतच गेलों. प्रेताच्या स्नानाचें पाणी करितांना थंड पाण्यांत कढत पाणी ओततात. म्हणून एरवीं तसें करीत नाहींत. आमच्या आजी न्हाणीघराच्या दारांतून नेमकें हेंच ओरडत असत: आधीं कढत, मग विसण! भाताच्या वाडग्यांत जेवणाच्या काड्या उभ्या खोंवूं नयेत, कारण मृताच्या नांवें ठेवलेल्या भातांत त्या तशा रोंवतात. एकाच्या काड्यांतून दुसऱ्याच्या काड्यांत घास देऊं नये, कारण दहनानंतर आप्त मंडळी अस्थि तशा उचलतात. त्या पायांकडून वेंचीत वर जातात, म्हणजे कलशांत मनुष्य डोक्यावर न राहतां पायांवर उभा राहतो. बुद्धाच्या अस्थींस ‘शारि’ म्हणतात. तो आपला ‘शरीर’ शब्द चीनमार्गें तिकडे गेलेला. सुशीच्या दुकानांत पांढऱ्या भातासही हाच शब्द चालतो!

इतकें साम्य पाहून आम्हांस घरीं आल्यासारखें वाटूं लागलें, आणि तेथेंच आम्ही फसलों.

शरद्संपाताच्या आगेंमागें सात दिवस जपानी लोक ‘हिगान’, म्हणजे ‘पैलतीर’, पाळतात. मधल्या दिवशीं सरकारी सुटी असते. लोक पूर्वजांचीं थडगीं धुऊन फुलें वाहतात. त्या वर्षीं तो मधला दिवस नेमका आमच्या नवमीसच आला होता. सायंकाळीं मालकिणीनें बशींत दोन ‘ओहागि’ आणून ठेविले. चिकट भाताचे गोळे, वरून ‘अझुकि’ नांवाच्या तांबड्या कडधान्याचें गोड पुरण थापलेलें. सकाळीं पूर्वजांपुढें ठेविलेल्यांतलेच ते होते. तिच्या मतें हा पाहुण्यांचा मान होता. आम्हांस ते पिंड दिसले.

आपण पिंड गाईस घालितों, पाण्यांत सोडितों. पुत्रेच्छु पत्नीनें मधला पिंड खावा असें वचन आहे खरें, पण कर्त्यानें खाणें हें मनांतही येत नाहीं. चिरंजीवांनीं तिला हें जमेल तसें सांगितलें. ती विचारांत पडली. मग म्हणाली, आईपुढचें अन्न लेकानें खाल्लें नाहीं, तर आई एकटीच जेवली असें होत नाहीं काय?

यावर शौचाशौचाचें शास्त्र सांगावें, तर भाषा चिरंजीवांस येते आणि शास्त्र आम्हांस. मातोश्रींस पुरण फार आवडे. आम्हीं एक ओहागि खाल्ला. दुसरा चिरंजीवांस दिला.

रात्रीं बंधूंचा दूरध्वनि आला. श्राद्ध यथासांग झालें, कावळाही लागलीच आला, असें ते म्हणाले. आम्हीं समाधान व्यक्त केलें. ओहागीविषयीं कांहीं बोललों नाहीं.