गुडघे दुखत असले तरी चालतं राहायचं कसं?

“आता जपून, फार चालू नका,” हा सल्ला नांदेड-लातूरकडच्या घराघरांत मिळतो. झिजलेल्या गुडघ्याला मात्र बेताचा, नियमित व्यायामच लागतो. मांडीचे स्नायू बळकट झाले की सांध्यावरचा ताण हलका होतो. वजन 1 किलो उतरलं, तरी चालताना दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे 4 किलोंनी घटतो.

डेन्मार्कमध्ये 2013 साली सुरू झालेल्या ‘ग्लॅड’ कार्यक्रमात फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली व्यायाम शिकवतात. त्यातली एक चाचणी घरीही जमते. खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर घ्या, मोबाइलवर 30 सेकंदांचा टायमर लावा आणि तेवढ्यात किती वेळा पूर्ण उभं राहता येतं ते मोजा. नातवानं व्हिडिओ काढून पाठवला, तर गुडघा आत वळतोय का, हे फिजिओथेरपिस्टला लांबूनही दिसतं. व्यायामानंतर थोडं दुखणं चालतं. 24 तासांत ते पूर्ववत व्हायला हवं.

रोजचं चालणं मोजायचं तर पावलं मोजणारं ॲप बायकांवर हमखास अन्याय करतं. लुगड्याला खिसा नसतो, फोन फळीवर राहतो आणि रानातली चाल मोजलीच जात नाही. कमरेला कापडी बटवा बांधा आणि फोन त्यात ठेवा.

सकाळचा ताठरपणा तासभर टिकत असेल, बोटांचे सांधे सुजत असतील, तर तो आमवात असू शकतो. तिथे नुसता व्यायाम पुरत नाही, लवकर औषध लागतं. ‘ई-संजीवनी’ या सरकारी ऑनलाइन सेवेवर डॉक्टरांचा सल्ला मोफत मिळतो. प्रत्यक्ष तपासणीसाठी नांदेडला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था.