नोझलच्या ओठाशी

समर्थ रामदासांचे जन्मगाव म्हणून सर्वश्रुत असलेल्या जांब समर्थ येथे, कपाशीवर औषध फवारणाऱ्या गड्यांच्या मागोमाग बांधावरून चालत असता माझ्या ध्यानात आले, की पंपाची धार पुरती बांधली जाण्यापूर्वी आणि ती तुटताक्षणी नोझलच्या ओठाशी साचलेले जाड थेंब भलत्याच दिशेस, कित्येकदा फवारणाऱ्याच्या मनगटावरच, उडतात. अंतराळयानाच्या लहान इंजिनांचीही नेमकी हीच अडचण आहे.

त्यांत मोनोमिथाइल हायड्रेझिन हे इंधन व ते जाळणारे नायट्रोजन टेट्रॉक्साइड यांचा नुसता स्पर्श होताच ज्वाला निघते. परंतु इंजिनाची भिंत वितळू नये म्हणून आतून इंधनाचाच पातळ थर वाहता ठेवतात, आणि त्यातला न जळलेला अंश ओठाशी फुटून थेंब होतो. निर्वातात हवेचा आवर नसल्यामुळे वायूही पसरत नोझलच्या मागल्या अंगास वळतो व यानाच्या शुभ्र लेपावर, सौरपट्ट्यांच्या काचेवर चिकटतो. लेप काळवंडला, की सूर्याची उष्णता अधिक शोषली जाऊन यान तापते. आणि तेथे तो पुसावयास कोणी जात नाही.

म्हणून या डागांच्या परीक्षेसाठी निर्वातकक्षाच्या भिंती द्रवरूप नायट्रोजनने, क्वचित हीलियमने, इतक्या थंड राखतात की आलेला वायू तेथेच गोठावा व पोकळी टिकावी. मग त्याच लेपाचे, त्याच काचेचे तुकडे नोझलच्या अक्षाशी निरनिराळे कोन करून मांडतात आणि इंजिन क्षणभराच्या झटक्यांनी पुनःपुन्हा पेटवितात. शेजारी क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्यावर वस्तुमान चढले की त्याची कंपनसंख्या उतरते, आणि डोळ्यांस न दिसणारा थरही हिशेबात येतो. तुकड्यांची आधीची व नंतरची सौरशोषकता तपशिलात नोंदली जाते. मला सर्वांत मोलाचा वाटतो तो आडबाजूस ठेवलेला तुकडा, कारण धोका नसावा असे जेथे गृहीत धरले जाते, तेथली साक्ष तोच देतो.

इंजिनाचा झोत केवळ डाग पाडत नाही, धूळ उडवून खरवडतोही. 1967च्या एप्रिलात चंद्रावर उतरलेल्या सर्व्हेयर-3पासून सुमारे 160 मीटरांवर 1969च्या नोव्हेंबरात अपोलो-12 उतरले, तेव्हा त्याच्या झोताने उधळलेल्या धुळीने जुन्या यानाचा रंग समोरच्या बाजूने खरवडला गेला. अंतराळवीरांनी त्या यानावरून काढून आणलेल्या कॅमेऱ्यावर तो दाखला पृथ्वीवर तपासता आला.

16 जानेवारी 2025 रोजी स्पेडेक्स या जोडणीच्या प्रयोगातली दोन भारतीय याने कक्षेत एकमेकांस जोडली गेली. असे समोरासमोर येताना एकाने वेग आवरला, की झोत दुसऱ्याच्या अंगावर जातो. म्हणून उद्या स्वतःचे अंतराळस्थानक उभारताना इंजिनाच्या जोराइतकीच काटेकोर चौकशी या लहान तुकड्यांचीही झाली पाहिजे.