सीमोल्लंघन वसईच्या भग्न मठांत

विजयादशमीस गावाची वेस ओलांडून ईशान्येस जावे, शमीचे पूजन करावे आणि सोने लुटून घरी परतावे, हा आपला जुना कुलाचार होय. राजे या दिवशी मोहिमेस निघत. आता मोहिमा उरल्या नाहीत. वेस मात्र प्रत्येकाच्या मनात असतेच. ती ओलांडावयाची तर वाचकांनी यंदा सहकुटुंब वसईच्या किल्ल्यात जावे, असे आम्ही सुचवितो.

१५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाने वसई पोर्तुगीजांस दिली. पुढील दोनशे वर्षांत फ्रान्सिस्कन, जेझुइट, डॉमिनिकन, ऑगस्टिनियन अशा संन्यस्त संघांनी येथे आपापले मठ उभारले. ‘मठ’ हा शब्द निवास करणे या अर्थाच्या धातूपासून सिद्ध होतो. आणि दारिद्र्य, ब्रह्मचर्य व आज्ञापालन ही व्रते घेतलेल्या या यतींच्या निवासास तो यथार्थ शोभतो. आज त्यांची छपरे गेली आहेत. फ्रान्सिस्कनांच्या मंदिरात जमिनीवर कोरीव थडग्यांच्या शिळा आहेत. तेथे पाऊल जपूनच टाकावे. जेझुइटांच्या मंदिराची स्तंभयुक्त दर्शनी भिंत अद्याप ताठ उभी आहे. वसईतच जन्मलेले गोन्सालो गार्सिया याच जेझुइटांपाशी शिकले, पुढे फ्रान्सिस्कन झाले आणि ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानातील नागासाकी येथे त्यांस क्रुसावर चढविण्यात आले. १८६२ साली त्यांस संतपद मिळाले.

येथे भाविकाच्या मनात एक शल्य उठते, ते आम्ही झाकून ठेवीत नाही. याच राजवटीत आपली देवालये पाडली गेली, तीर्थे ओस पडली. मग या भिंतींपुढे आपण कोणत्या भावाने उभे राहावे?

उत्तर चिमाजी अप्पांच्या चरित्रात मिळते. वज्रेश्वरीस नवस बोलून त्यांनी वसईस वेढा घातला, असे परंपरा सांगते. तानसेच्या खोऱ्यातील देवीचे देऊळ त्या नवसाची साक्ष होय. हजारो मराठे पडले, तेव्हा मे १७३९ मध्ये किल्ला हाती आला. एवढे रक्त सांडल्यावर सूड घेणे अशक्य नव्हते. परंतु शरण आलेल्यांस बायकामुले व चीजवस्तू घेऊन सन्मानाने निघून जाण्यास आठ दिवसांची मुदत देण्यात आली. किल्ल्यातील नागेश्वराचे दर्शन घेताना हा विजय आठवावा आणि हा संयमही आठवावा.

मठांच्या घंटांचे काय झाले? त्या विजयचिन्हे म्हणून देशावर गेल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकचे नारोशंकराचे देऊळ, भीमाशंकर, वाईजवळील मेणवली येथे त्या आजही आहेत. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल असून बाळ येशूस घेतलेल्या मातेची आकृती आहे. ती कोणी खरवडून काढली नाही. भाविक तीच घंटा वाजवून शिवापुढे हात जोडतात. आम्हां कीर्तनकारांस नादब्रह्माचे निरूपण करण्यास याहून चांगला दृष्टांत सापडणे कठीण.

किल्ल्यातून निघाल्यावर उत्तरेस गिरीज, निर्मळ, नंदाखालच्या वाड्यांत जावे. वस्ती झपाट्याने वाढत असली तरी विहिरी, केळी, नागवेली आणि सोनचाफा येथे टिकून आहेत. उन्हात वाळविलेली सुकेळी याच मातीची. कादोडी ही येथील बोली सामवेदी ब्राह्मणांच्या घरी बोलली जाते, तशीच कुपारी ख्रिस्ती घरांतही. या वाड्यांतील फुले दादरच्या बाजारात जातात आणि तेथून आपल्या देवघरात येतात. देवीच्या गळ्यातील हार कोणत्या घरच्या हातांनी खुडलेल्या फुलांचा, हे आपण कधी विचारीत नाही. आणि देवीही विचारीत नाही.

जाणाऱ्यांस एवढीच विनंती की, मठांच्या भिंतींवर नावे कोरू नयेत, कबरींवर बसून फराळ करू नये. नागेश्वराच्या गाभाऱ्यात जी मर्यादा पाळाल, तीच छप्पर नसलेल्या या मंदिरांतही पाळावी. सायंकाळी एखाद्या वाडीवरून झेंडूची फुले घ्यावीत, माळ्यास आपट्याचे पान द्यावे आणि मग घरी परतावे.