कुठल्या शर्यतीत धावायचं नाही?

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे ट्रॅकवर एकटा उतरतो, पण त्याच्या वर्षभराच्या वेळापत्रकात दोन धावपटू नांदतात: एक 3000 मीटर स्टीपलचेसचा, दुसरा सपाट 5000 मीटरचा. 6 मे 2022 रोजी अमेरिकेत त्याने 5000 मीटर 13:25.65 मध्ये धावून बहादूर प्रसाद यांचा 1992 पासूनचा राष्ट्रीय विक्रम मोडला आणि महिन्याभरात, 5 जूनला, रबातच्या डायमंड लीगमध्ये स्टीपलचेसचा स्वतःचाच विक्रम 8:12.48 वर आणला. कुणाला झुकतं माप द्यायचं, हा पेच सायकलिंगमध्ये एका संघातल्या दोन दिग्गजांवरून पडतो. 1986 च्या टूर द फ्रान्समध्ये बर्नार्ड इनो आणि ग्रेग लेमॉन्ड एकाच संघातून उतरले; लेमॉन्ड जिंकला, पण संघात दुफळी माजली. 2023 मध्ये जम्बो-व्हिस्मा संघाने शहाणपण दाखवलं. रोग्लिचकडे इटलीची जिरो शर्यत दिली, विंगेगोरकडे टूर, आणि दोन्ही शर्यती संघाच्या पदरात पडल्या. वाटणीची हीच कसोटी साबळेच्या बाबतीत एकाच शरीरावर लागते, आणि म्हणून वेळापत्रक आखण्याचं खरं कसब शर्यती गाळण्यात आहे.

शर्यती का गाळायच्या, हे स्टीपलचेसच्या रचनेतच दिसतं. साडेसात फेऱ्यांत 28 अडथळे आणि 7 वेळा पाणी. पाण्याच्या अडथळ्यावर पाय टेकवून धावपटू स्वतःला पुढे झोकतो, एका पायावर खड्ड्याच्या उथळ कडेला उतरतो आणि भिजलेल्या बुटानिशी लगेच वेग पकडतो. घोटा, गुडघा आणि मांडी यांची ही झीज सपाट धावण्यात होत नाही. त्यामुळे 5000 मीटरचा दम स्टीपलचेसला उपयोगी पडला, तरी दोन्हींत एकाच वेळी शिखर गाठण्याचा अट्टहास महागात पडू शकतो. तरीही जोडी अधूनमधून जमते, हेही खरं. हांगझो आशियाई स्पर्धेत साबळेने 1 ऑक्टोबर 2023 ला स्टीपलचेसचं सुवर्ण जिंकलं आणि 4 तारखेला 5000 मीटरचं रौप्य. धावपटू पारुल चौधरीने तर तिथेच 2 तारखेला स्टीपलचेसचं रौप्य आणि लगेच 3 तारखेला 5000 मीटरचं सुवर्ण पटकावलं. दोघांनीही प्रशिक्षक स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव केलेला होता.

शर्यती गाळण्यावर पहिला आक्षेप देशाच्या जर्सीचा. जुलै 2023 मध्ये बँकॉकची आशियाई अजिंक्यपद स्पर्धा सोडून साबळे पोलंडमधल्या सिलेसिया डायमंड लीगला गेला. पण तिथल्या 8:11.63 वेळेने त्याची पॅरिस ऑलिंपिकची पात्रता निश्चित झाली, आणि ऑलिंपिकलाही जर्सी देशाचीच असते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: एवढी आखणी करूनही ऑगस्टमध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तो 8:22.24 वेळेसह प्राथमिक फेरीतच सातवा येऊन बाहेर पडला. हे खरंच. पण दोष गाळण्याचा होता असं यातून सिद्ध होत नाही. डायमंड लीगमध्ये वेग ठरवून देणारे पेसमेकर असतात, जागतिक स्पर्धेत ते नसतात. शिवाय त्या वर्षीपासून वेळेच्या आधारे मागल्या दाराने प्रवेश बंद झाला, प्रत्येक हीटमधले पहिले पाचच पुढे. म्हणजे घड्याळाशी झुंजणाऱ्या शर्यतींच्या जोडीला डावपेचांची, शेवटच्या फेरीत फुटणारी शर्यतही वेळापत्रकात हवी. 2024 मध्ये पॅरिसच्या हीटमध्ये साबळे नेमका पाचवा आला आणि स्टीपलचेसची ऑलिंपिक अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष ठरला.

जास्त शर्यती म्हणजे जास्त अनुभव, असा तिसरा युक्तिवाद असतो. अनुभव मिळतो, पण प्रत्येक सुरुवातीच्या रेषेवर धोकाही उभा असतो. मे 2025 मध्ये गुमीत आशियाई सुवर्ण मिळवलेला हाच धावपटू जुलैत मोनॅकोच्या डायमंड लीग शर्यतीत पडला, गुडघ्याला दुखापत झाली आणि शस्त्रक्रिया करावी लागली. ती शर्यत टाळायला हवी होती असं म्हणणं ही पश्चातबुद्धी ठरेल. पण धोका पत्करायचा तो कशासाठी, हे आधी ठरलेलं असावं, एवढं मात्र त्यातून नक्की कळतं. म्हणून हंगाम सुरू होण्याआधी खेळाडू, प्रशिक्षक आणि महासंघ यांनी एक मुख्य शर्यत जाहीरपणे निवडावी आणि बाकीची प्रत्येक शर्यत तिच्या कामाची आहे का, हे तपासून घ्यावं. मग खेळाडूने एखादी स्पर्धा सोडली की त्याच्या निष्ठेवर शंका घेण्याचं कारण उरणार नाही, आणि हिशेब मागायचाच झाला तर तो त्या एका शर्यतीचा मागता येईल.