पट्टीच्या पडद्याची काच कुठून येते?

३२ इंची टीव्हीच्या फुल एचडी पडद्यावर रुंदीत १९२० आणि उंचीत १०८० ठिपके असतात. ती काच आडवी कापून ३६० ओळीच ठेवल्या, तर हाती येते सुमारे ६९८ मिलिमीटर लांब आणि १३१ मिलिमीटर उंच अशी पट्टी. या पट्टीचा कर्ण मोजला की तो २८ इंच भरतो. पडद्याचा दोन तृतीयांश भाग गेला, पण इंच कमी झाले ते फक्त चार. लांबट पडद्यांच्या बाजारात इंच हे माप किती फसवे आहे, ते यावरून कळावे. दुकानदार ‘२८ इंची’ म्हणतो तेव्हा गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे टीव्ही येतो आणि खोक्यातून निघते वीतभरही उंची नसलेली पट्टी. दिसणाऱ्या भागाची लांबी आणि उंची, दोन्ही मिलिमीटरमध्ये, हे दोन आकडे लेखी घेतल्याशिवाय पुढचे बोलणेच करू नये.

या पट्ट्यांना बाजारात ‘स्ट्रेच्ड एलसीडी’ किंवा ‘बार डिस्प्ले’ म्हणतात. बोरिवली, मुलुंड, घाटकोपरमधल्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्या पाडून जे टॉवर उभे राहत आहेत, त्यांच्या लिफ्टमध्ये बटणांच्या वर मजला, वेळ आणि वरखालीचा बाण दाखवणारी उभी पट्टी हळूहळू नेहमीची झाली आहे. मोठ्या दुकानांतल्या फळ्यांच्या कडेला किमती दाखवणारी आडवी पट्टी असते. पॅकिंगच्या यंत्रावर, रुग्णालयातल्या उपकरणावर, तिकीट देणाऱ्या खांबावर जागाच अरुंद असते. तिथे चौकोनी पडदा बसत नाही. मेट्रोच्या डब्यात दरवाजाच्या डोक्यावर पुढचे स्टेशन दाखवायलाही अशीच जागा मिळते. अशा सगळ्याच पट्ट्या एलसीडी नसतात. लोकलच्या फलाटावर गाडीची वेळ दाखवणारा इंडिकेटर एलईडीच्या मोठ्या ठिपक्यांचा असतो. तो लांबून आणि उन्हात चांगला दिसतो. पण त्यावर नकाशा काढता येत नाही, बारीक अक्षर लिहिता येत नाही.

अंधेरी पूर्वेला इलेक्ट्रॉनिक्सची ओळख नवी नाही. सीप्झ, म्हणजे सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्सपोर्ट प्रोसेसिंग झोन, १९७३ साली इथे सुरू झाले ते इलेक्ट्रॉनिक मालाच्या निर्यातीसाठीच. हिरे आणि दागिने तिथे नंतर आले. शेजारच्या मरोळ एमआयडीसीत, साकीनाक्याच्या गल्ल्यांत, मुलुंडच्या लालबहादूर शास्त्री मार्गालगतच्या गाळ्यांत आजही छोटे उद्योग यंत्रे, पॅनेल, नियंत्रक जुळवतात. वर्षाला पन्नास, शंभर, फार तर काही शे उपकरणे काढणारे हे लोक आहेत. त्यांची अडचण अशी, की बाकीचे सगळे उपकरण ते मापाने बनवू शकतात, पडदा मात्र बनवू शकत नाहीत.

का नाही, ते समजायला काचेच्या कारखान्याचे गणित पाहावे लागते. एलसीडीची काच सुटी बनत नाही. आधी काचेचा एक प्रचंड तक्ता तयार होतो, त्याला मातृ-काच म्हणतात. साडेआठव्या पिढीच्या कारखान्यात ती २२०० बाय २५०० मिलिमीटरची असते. साडेदहाव्या पिढीत २९४० बाय ३३७० मिलिमीटरची. त्या एका काचेतून ६५ इंची टीव्हीचे आठ पडदे निघतात. तिच्यावर ट्रान्झिस्टरचे थर उमटवायला मास्क, म्हणजे नक्षीचे साचे, लागतात आणि नव्या मापासाठी नवा संच करावा लागतो. हा खर्च हजारो-लाखो नगांवर पसरला तरच झेपतो. मरोळच्या गाळ्यातून आलेल्या शंभर नगांच्या चौकशीसाठी चीन किंवा तैवानमधला कारखाना आपली रेषा बदलणार नाही, आणि त्यात त्याचा दोषही नाही.

म्हणून ‘कस्टम’ म्हणून जे मिळते ते बहुधा दोनपैकी एक असते. एक तर दुसऱ्या कोणासाठी मुळातच लांबट बनलेली काच. ८.८ इंची ४८० बाय १९२०, ७.९ इंची ४०० बाय १२८०, ११.९ इंची ३२० बाय १४८० या मापांचे पडदे सहज मिळतात, कारण ती काच आधीच कोणत्या तरी मोठ्या मागणीसाठी निघालेली असते. मोठ्या मापातही अशी काच आहे. एलजीने ८६ इंची, ३८४० बाय ६०० ठिपक्यांचा, ५८:९ प्रमाणाचा पडदा बाजारात आणला होता. नाही तर मग टीव्ही किंवा मॉनिटरची तयार काच कापून केलेली पट्टी. ‘कस्टम’ या शब्दात आपले खरोखर काय असते? बॅकलाइट, चौकट, केबल, टच आणि वरची संरक्षक काच. मधली काच परकीच असते. माझ्या मते विक्रेत्याला पहिला प्रश्न किमतीचा नव्हे, हा विचारावा: ही काच मूळ कोणत्या कंपनीची, कोणत्या मॉडेलची, आणि मुळातली लांबट आहे की कापलेली?

कापलेली काच वाईटच असते, असे मुळीच नाही. विमानांच्या कॉकपिटसाठी अमेरिकेत लॅरी टॅनस यांनी तयार एलसीडी कापून हव्या मापाचे पडदे करण्याची पद्धत विकसित केली, आणि त्या क्षेत्राच्या अपेक्षा आपल्या लिफ्टपेक्षा कितीतरी कडक आहेत. पण हे काम नाजूक आहे. दोन काचांमधली फट तीन-चार मायक्रॉनची, आणि तिच्यात द्रव-स्फटिक भरलेले. ज्या लांब कडेकडून चित्राचा डेटा आत येतो ती कड ठेवावी लागते आणि समोरची बाजू कापावी लागते. कापताच द्रव बाहेर यायच्या, हवा आत जायच्या आत ती कड अतिनील प्रकाशाने घट्ट होणाऱ्या डिंकाने बंद करावी लागते. ओळी चालू-बंद करणारे मंडल हल्ली काचेच्या कडेवरच छापलेले असते, आणि अनेक रचनांत एका ओळीला बंद व्हायचा इशारा पुढच्या ओळीकडून मिळतो. पुढच्या ओळी कापून टाकल्या की शेवटच्या ओळीला तो इशारा द्यायची वेगळी सोय करावी लागते. ती नीट नसेल तर कडेला रेघा दिसतात.

त्यात आपला पावसाळा. मूळ कारखान्यातली कड आणि नंतर हाताने बंद केलेली कड दमटपणाला सारखेच तोंड देत नाहीत. ओल शिरली की कापलेल्या कडेपासून डाग आत सरकत येतो. जूनमध्ये बसवलेला पडदा सप्टेंबरपर्यंत ठीक दिसला एवढ्यावर समाधान मानण्यापेक्षा ६० अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रतेत काहीशे तास ठेवलेल्या नमुन्याचा चाचणी-अहवाल आधीच मागावा, आणि तो कापलेल्याच नमुन्याचा आहे याची खात्री करावी. मूळ टीव्हीच्या काचेचा अहवाल पुढे केला जात असेल, तर त्याचा काही उपयोग नाही.

उन्हाचा प्रश्न वेगळा आहे, आणि त्याची मुळे १८८८ सालात आहेत. प्रागमध्ये फ्रीडरिश रायनित्झर नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाला कोलेस्टेरिल बेन्झोएट तापवताना दोन वितळणबिंदू दिसले: १४५.५ अंशांना तो पदार्थ गढूळ द्रव झाला आणि १७८.५ अंशांना एकदम स्वच्छ. मधली गढूळ अवस्था म्हणजेच द्रव-स्फटिक. प्रत्येक मिश्रणाचा असा स्वच्छ होण्याचा बिंदू असतो आणि तो ओलांडला की रेणूंची शिस्त मोडते, पडदा चित्र दाखवू शकत नाही. पश्चिमेकडे तोंड असलेल्या दुकानाच्या काचेमागे एप्रिलच्या दुपारी पडद्यावर काळा डाग पसरतो तो यामुळे. संध्याकाळी तो आपोआप नाहीसा होतो, म्हणून तक्रार ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. अशा जागेसाठी ११० अंशांपर्यंत टिकणाऱ्या द्रव-स्फटिकाच्या काचा मिळतात. मागितल्या तरच मिळतात. नुसता बॅकलाइट प्रखर करून ऊन जिंकता येत नाही, कारण प्रखर बॅकलाइट स्वतःच उष्णता वाढवतो.

या शास्त्रात महाराष्ट्राचा एक धागा आहे, तो फारसा कोणाला ठाऊक नसतो. सी. व्ही. रामन यांचे भाचे एस. चंद्रशेखर नागपूर विद्यापीठातून १९५१ साली भौतिकशास्त्रात एम. एस्सी. झाले. पुढे बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेत, १९७७ साली, त्यांनी सहकाऱ्यांसह दाखवून दिले की काडीसारख्याच नव्हे, चकतीसारख्या रेणूंचेही द्रव-स्फटिक होतात. साध्या टीएन जातीच्या पडद्यात तिरके पाहिले की रंग पालटतात. तो दोष कमी करणाऱ्या फिल्ममध्ये पुढे हेच चकतीचे रेणू वापरले गेले. आज मात्र डोक्यावर किंवा लिफ्टच्या भिंतीत बसवायच्या पट्टीसाठी, तिरके पाहिले तरी रंग टिकवणारा, आयपीएस जातीचाच पडदा घ्यावा, असे मी आग्रहाने सांगेन. उंच माणूस, लहान मूल आणि व्हीलचेअरवर बसलेल्या आजी, तिघांनाही मजला सारखाच दिसायला हवा.

लहान पट्ट्यांत आणखी एक खोच असते. यातल्या पुष्कळ काचा मुळात उभ्या असतात. ४८० बाय १९२० म्हणजे रुंदीत ४८० आणि उंचीत १९२०. ती आडवी बसवायची तर चित्र ९० अंश फिरवून पाठवावे लागते. संगणकाला हे जड नाही, पण छोट्या नियंत्रकाची दमछाक होते आणि सरकत्या मजकुरात तिरकी फाट दिसू लागते. शिवाय अशा काचांना बहुधा एमआयपीआय पद्धतीची जोडणी असते, जी काही सेंटिमीटरांच्या केबलसाठी आहे. नियंत्रक लिफ्टच्या छतावर आणि पडदा खाली असेल, तर मध्ये एचडीएमआय किंवा एलव्हीडीएस जोडणीचे एमआयपीआयमध्ये रूपांतर करणारी पाटी (सर्किट बोर्ड) घ्यावीच लागते. तिची किंमत कधी कधी काचेइतकी होते.

आणि अक्षरांचे काय? खरेदीच्या कागदात याचा उल्लेख मला क्वचितच दिसतो, आणि मला तोच सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पट्टीची उंची कमी असते आणि देवनागरीला उंची लागते. ‘मुलुंड’ लिहून पाहा: खाली दोन उकार, वर अनुस्वार, मध्ये शिरोरेषा. रोमन अक्षरे ज्या ओळीत ऐसपैस बसतात, त्याच ओळीत हे नाव बसवायला अक्षराचे अंग आखडावे लागते, नाही तर उकार कापला जातो. तीन मीटरवरून आरामात वाचायला अक्षराचे अंग साधारण २५ मिलिमीटर उंच हवे, असा फलक करणाऱ्यांचा ढोबळ हिशेब आहे. वरच्या-खालच्या मात्रांसह देवनागरी ओळ मग ४०-४५ मिलिमीटरवर जाते. १३१ मिलिमीटरच्या पट्टीत मराठी, हिंदी, इंग्रजी अशा तीन ओळी जेमतेम मावतात. त्यापेक्षा बारीक पट्टीत एकामागून एक दाखवाव्या लागतात.

दुसरी गोष्ट जोडाक्षरांची. छोट्या नियंत्रकांसाठीच्या अनेक चित्रण-लायब्ऱ्या अक्षरे एकामागून एक ठेवतात. त्यांना ऱ्हस्व वेलांटी आधी काढायची असते हे ठाऊक नसते. मग ‘बोरिवली’तली वेलांटी भलत्याच अक्षरावर चढते आणि ‘जोगेश्वरी’तला ‘श्व’ फुटतो. उपाय अवघड नाही: अक्षरजुळणी नीट करणारी प्रणाली वापरावी, नाही तर ठरावीक नावांची चित्रे संगणकावर करून तीच साठवावीत. मराठी ‘ल’ आणि ‘श’ हिंदीहून वेगळ्या वळणाचे हवे असतील, तर तशी रूपे असलेला फॉन्ट निवडून मजकुराला मराठीची खूण लावावी लागते. पवईच्या आयआयटीत प्राध्यापक राहिलेल्या र. कृ. जोशी यांनी संगणकासाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला, मुंबईच्याच ‘एक टाइप’ने ‘मुक्ता’ सर्वांसाठी खुला केला. साधने घरात आहेत. तरीही उपनगरातल्या लिफ्टमध्ये ‘तिसरा मजला’ची वेलांटी चुकलेली दिसते, तेव्हा ते नमुना पास करणाऱ्याने वाचून पाहिलेले नसते.

माल येतो तो सहारच्या एअर कार्गोतून किंवा न्हावाशेवा बंदरातून. २०२२ पासून सीमाशुल्काच्या जागतिक वर्गीकरणात सपाट पडद्यांच्या मॉड्यूलसाठी ८५२४ हे स्वतंत्र शीर्षक आहे. तयार मॉनिटर ८५२८ मध्ये मोडतो. सुटे मॉड्यूल मागवले की पेटीबंद मॉनिटर, यावर शुल्कही बदलू शकते आणि बीआयएस नोंदणीची गरजही. बिलावरचे वर्णन आधीच कस्टम्स एजंटला दाखवून घेतलेले बरे. रेल्वे किंवा मेट्रोच्या डब्यासाठी माल हवा असेल तर मामला वेगळ्याच पातळीवर जातो, तिथे ही मानके पाळावी लागतात: ईएन ५०१५५, धक्के आणि कंपनांसाठी आयईसी ६१३७३, आगीसाठी ईएन ४५५४५. ‘रेल्वे ग्रेड’ असे नुसते छापलेले असून भागत नाही.

काच इथेच बनली तर? नागपूरजवळ बुटीबोरीत ट्विनस्टार कंपनीचा एलसीडी काचेचा कारखाना येणार, अशी चर्चा २०१६ च्या सुमारास मोठी होती. तो उभा राहिला नाही. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये ७६ हजार कोटींच्या सेमीकंडक्टर योजनेत पडद्यांच्या कारखान्यांनाही जागा दिली. पण आजही पट्टीची काच बाहेरूनच येते. तरी बॅकलाइट, चौकट, पाटी आणि जुळणी ही कामे अंधेरीत नक्की होऊ शकतात, आणि दुरुस्तीच्या दृष्टीने ती इथेच व्हावीत.

कारण परक्या काचेचा खरा फटका तीन-चार वर्षांनी बसतो. ज्या टीव्हीसाठी ती काच निघत होती त्याचे मॉडेल बंद होते आणि तुमची पट्टीही बंद होते. लिफ्ट मात्र वीस वर्षे चालायची असते. बॅकलाइटचे आयुष्य ५० हजार तास सांगतात, तेही प्रकाश निम्मा होईपर्यंतचे; अहोरात्र चालणाऱ्या पट्टीसाठी ते पावणेसहा वर्षे झाले. म्हणून करारातच दोन ओळी हव्यात: काच बंद होण्याआधी किमान सहा महिने कळवायचे आणि शेवटची ऑर्डर स्वीकारायची, विचारल्याशिवाय काचेचे मॉडेल बदलायचे नाही. शक्य असेल तर बॅकलाइटची एलईडी पट्टी वेगळी बदलता येईल अशी चौकट करून घ्यावी. सुटे पडदे हवाबंद पिशवीत, सिलिका जेलसह, उभे ठेवावेत; एकावर एक रचले तर खालच्या काचेवर दाब येतो. आणि वर्षातून एकदा, पावसाळा संपला की, प्रत्येक सुटा पडदा लावून तासभर चालवून बघावा.