सेल लहान, जोखीम मोठी : रिचार्जेबल बॅटरीची पारख

गोदामातील पहाऱ्यासाठी घेतलेला प्रखर टॉर्च असो वा दुरुस्तीचे बिनतारी ड्रिल, त्याच्या पोटात बहुधा बोटाएवढा एक दंडगोल सेल असतो. त्यावर ‘१८६५०’ असा आकडा असतो. व्यास १८ मिलिमीटर, लांबी ६५ मिलिमीटर आणि शेवटचे शून्य दंडगोल आकाराचे, असा त्याचा सरळ अर्थ आहे. २१७०० हा त्याचाच थोडा मोठा प्रकार. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी प्रथम बाजारात आणली. आज ती घरोघरी पोहोचली आहे. तिची पारख मात्र अजून तितकीशी रुजलेली नाही.

ग्राहक सहसा एकच आकडा पाहतो, तो म्हणजे एमएएच. हा आकडा सेलमधील साठा सांगतो. एका वेळी किती प्रवाह सुरक्षितपणे काढता येईल, हे अँपिअरचा दुसरा आकडा सांगतो. व्यापारी भाषेत बोलायचे तर पहिला आकडा भांडवलाचा आणि दुसरा हाती येणाऱ्या रोकडीचा. भांडवल भक्कम असूनही ऐनवेळी रोकड अपुरी पडली तर पेढी अडचणीत येते, तसेच येथेही घडते. एकाच आकाराच्या सेलमध्ये साठा वाढवला की प्रवाह देण्याची क्षमता सामान्यतः घटते. सॅमसंगचा ‘२५आर’ हा सेल २,५०० एमएएचचा असून २० अँपिअर सतत देऊ शकतो. ३,४०० एमएएचच्या अनेक सेलना मात्र दहा अँपिअरही झेपत नाहीत.

गरज किती, याचा हिशेब सोपा आहे. उपकरणाच्या वॅटला सेलच्या व्होल्टने भागावे. पूर्ण भरलेला सेल ४.२ व्होल्टचा असतो आणि वापरताना दाब उतरत जातो. म्हणून भागाकार ३.२ व्होल्टने करावा. ४० वॅटच्या टॉर्चला या हिशेबाने साडेबारा अँपिअर लागतात. उपकरणातील दहा टक्के घट धरली तर मागणी सुमारे १४ अँपिअर होते. तेथे निदान २० अँपिअरचा सेल हवा. कमी क्षमतेच्या सेलवर असा भार पडला की तो आतून तापतो, दोन ध्रुवांमधील पातळ पडदा वितळतो आणि वायू व ज्वाळा बाहेर पडतात.

बनावट मालाची खूण आकड्यातच सापडते. १८६५० आकारात सुमारे ३,६०० एमएएचच्या पुढे प्रामाणिक माल सहसा मिळत नाही. वेष्टनावर ९,९०० छापलेले असेल तर माल खोटा समजावा. सराफी तराजू हाताशी असल्यास वजन करावे. अस्सल सेल साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो, फारच हलका निघाला तर संशय घ्यावा. भारतीय मानक ब्युरोची नोंदणी आणि जीएसटीचे पक्के बिल पाहूनच माल घ्यावा.

सेलचे बाहेरील संपूर्ण धातूचे आवरण ऋण ध्रुव असते. वेष्टन फाटलेला सेल किंवा खिशात नाणी व किल्ल्यांसोबत टाकलेला सेल म्हणूनच धोक्याचा ठरतो. अमेरिकेच्या ग्राहक सुरक्षा आयोगाने २०२१ मध्ये सुट्या १८६५० सेलविषयी जाहीर इशारा दिला : हे सेल संरक्षक मंडलासह बंद बॅटरी-संचात बसवण्यासाठी बनतात, सुटे वापरण्यासाठी नव्हे. त्या इशाऱ्यात धूम्रपानाच्या विजेरी उपकरणांचाही उल्लेख होता. म्हणून उपकरणाच्या निर्मात्याने सुचवलेलाच सेल घ्यावा.

व्यापाऱ्याने येथे कायद्याकडेही पाहावे. भारतात ई-सिगारेटचे उत्पादन, आयात, विक्री व जाहिरात २०१९ च्या कायद्याने बंद आहे. पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कारावास किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही होऊ शकतात. केवळ साठवणुकीसाठीही सहा महिन्यांपर्यंत कारावास किंवा पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद आहे. सेलच्या मालासोबत ‘नवीन गॅजेट’ म्हणून अशी वस्तू आली, तर तरुण पिढीने ती दुकानात ठेवून घेऊ नये.

सेल प्लॅस्टिकच्या डबीत ठेवावा, चार्जिंग नजरेसमोर करावे, रात्रभर चार्जिंगला लावून झोपू नये. विमानप्रवासात सुटे सेल हातातील सामानात, टोके झाकून न्यावेत. फुगलेला वा वेष्टन फाटलेला सेल कचऱ्यात न टाकता ई-कचरा केंद्राकडे द्यावा. खरेदीत वाचलेले शंभर-दोनशे रुपये गोदामातील आगीपुढे कोणत्याच हिशेबात बसत नाहीत.